लाल गोळीचा दोष नव्हता

सासूचे हात पहाटे उघडत नसत. बोटं तळव्यात वळलेली असायची आणि सरळ करायची तर एकेक बोट दुसऱ्या हाताने ओढावं लागायचं. दुसऱ्या हाताचीही तीच गत. मग ती चुलीवरच्या कोमट पाण्यात दोन्ही हात बुडवून बसायची आणि बोटांना शिव्या द्यायची. शिव्या ठेवणीतल्या, गावातल्या पुरुषांनीही मान खाली घालावी अशा. मी तिला आई म्हणते आणि अगंतुगं करते. आमच्याकडे तसंच चालतं.

हात उघडणं भाग होतं, कारण आमचा धंदा जुड्यांचा. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या जवळ आमची भाजीची वाडी आहे. मेथी, पालक आणि सांबार, म्हणजे पुस्तकात जिला कोथिंबीर म्हणतात ती. पालेभाजी ऊन लागायच्या आत उपटायची, धुवायची, जुड्या बांधायच्या आणि सातपर्यंत मालेगावच्या बाजारात पोचवायची. आठ वाजता तीच मेथी शिळी ठरते. सासूची जुडी बाजारात ओळखू यायची. मुळं एका रेषेत, बांधणी घट्ट, देठाला मातीचा कण नाही. तिच्या जुडीची घासाघीस कुणी करत नाही, असं ती सांगायची. खरं-खोटं बाजाराला माहीत, पण ती सांगायची तेव्हाचा तोरा मात्र अस्सल होता.

हात उघडायला गोळी होती. दुखण्याची गोळी, सूज उतरवणारी. आमच्याकडे तिला वाताची गोळी म्हणतात आणि वाडीत काम करणाऱ्या निम्म्या बायका ती खातात. कमरेच्या बटव्यात तंबाखूशेजारी तिची पट्टी असते आणि सुपारी पुढे करावी तशी त्या ती एकमेकींना पुढे करतात. पहाटे पाचला, काळ्या चहाबरोबर, रिकाम्या पोटी. ही गोळी जेवून घ्यायची असते हे कुणाला माहीत नाही असं नाही. पण पहाटे पाचला जेवतं कोण? जेवण बाजारातून परत आल्यावर, नऊ-साडेनऊला. गोळी तेव्हा घेतली तर जुड्या कोण बांधणार? गोळी पोटात गेल्यावर अर्ध्या-पाऊण तासात बोटं सुटायची आणि सासू वाफ्यात उतरायची. सहा-सात वर्षं असं चाललं होतं.

सुरुवातीला एका डॉक्टरांनी तिला त्या गोळीसोबत एक कॅप्सूलही लिहून दिली होती. पोट सांभाळणारी, सकाळी काही खायच्या आधी घ्यायची. सासूने ती आठवडाभर घेतली. मग कुणीतरी सांगितलं की ही ॲसिडिटीची आहे. मला गॅस नाही, ढेकर नाही, मग मी ती कशाला खाऊ, असं म्हणून तिने ती सोडली. उरलेल्या कॅप्सूल माझ्या नवऱ्याने संपवल्या, कारण त्याला बाजारातले भजे सोसत नाहीत आणि सुटतही नाहीत. हे सगळं माझ्यासमोर झालं. मी काही बोलले नाही.

मी काही बोलायला हवं होतं, कारण मी गावची आशा कार्यकर्ती आहे. गरोदर बायकांची नोंद ठेवणं, बाळंतपणाला दवाखान्यात नेणं, पोरांना लसीला आणणं, गोळ्या वाटणं हे माझं काम. बारावी शिकलेली सून आणि तिच्या खांद्याला औषधांची पिशवी, याचं सासूला फार कौतुक. आल्यागेल्याला सांगायची की आमच्या घरातच डॉक्टरीण आहे. मी वरवर म्हणायची, आई, असं बोलू नको, लोक हसतात. आतून मला गुदगुल्या व्हायच्या. हे कबूल करायला आज लाज वाटते, पण व्हायच्या.

गरोदर बायकांना मी रक्तवाढीच्या गोळ्या देते, लोहाच्या. त्या लाल असतात म्हणून सगळ्या लाल गोळीच म्हणतात. बायका त्या खात नाहीत. तोंडाला लोखंडासारखी चव येते, मळमळतं आणि शौचाला काळं होतं म्हणून घाबरतात. म्हणून गोळ्या देतानाच मी सांगून ठेवते की काळं होईल, ते गोळीचं असतं, घाबरायचं नाही. हे मी इतक्या दारांत इतक्या वेळा म्हटलंय की आता ते माझं मी ऐकतसुद्धा नाही.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि सासू पांढरी पडायला लागली. आधी जेवण कमी झालं. मग वाडीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चढताना ती मध्येच थांबायची आणि थांबल्याचं लपवायला उगाच एखादं तण उपटायची. मी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली नव्हती. माझ्या कामात अशा पापण्या मी रोज पाहते, प्रत्येक घरात एखादी तरी असते. बाई म्हटली की रक्त कमी, हे माझ्या अंगवळणी पडलेलं. रक्त कमी का झालं, ते जातंय कुठे, हा प्रश्न मला पडलाच नाही. साठीची बाई, पाळी जाऊन पंधरा-सोळा वर्षं झालेली, तिचं रक्त कुठून जाणार, एवढा साधा प्रश्न. मी माझ्या पिशवीतून तिला लाल गोळ्या काढून दिल्या. रोज एक घे म्हटलं. सुनेच्या हातचं औषध मिळालं म्हणून ती इतकी खूश झाली की शेजारणीला पट्टी दाखवून आली.

दहा-बारा दिवसांनी, मी अंगणात भांडी घासत होते तेव्हा ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. समोर आली नाही. तिला या गोष्टी बोलायची लाज वाटते. तीन लेकरं जन्माला घातली, पण अंगातलं काही सांगायचं तर ती भिंतीकडे तोंड करून सांगते.

"संडासले काळं होऊन राह्यलं," ती म्हणाली. "डांबरावानी. चिकटून राह्यते, पानी टाकलं तरी जात नाही."

मी मान वर न करता सांगितलं, "लाल गोळीनं होते तसं, आई. सगळ्याच बायकाइले होते. भेवाचं काही काम नाही."

ती हो म्हणाली आणि गेली. तिचं समाधान झालं होतं. माझंही झालं होतं.

लोहाच्या गोळीने काळं होतं, पण ते असं डांबरासारखं चिकट नसतं. आणि त्याला तसा वास नसतो. त्या दिवसांत आमच्या संडासात एक वेगळाच वास येत होता. काहीतरी सडल्यासारखा, पण सडल्याचाही नाही. मी नाकाला पदर लावून आत गेले आणि फिनाइल ओतून बाहेर आले. पुन्हा वास आला तेव्हा पुन्हा ओतलं. आरोग्याचं काम करणारी बाई मी. स्वच्छतेवर बोलायला मला शाळेत बोलावतात.

ती पडली ते घरी नाही, बाजारात. मालेगावच्या बाजारात एक बागवान आहे, आमची सगळी भाजी वर्षानुवर्षं त्याच्याच गाळ्यावर उतरते. सासूला तो मौसी म्हणतो आणि सासू त्याच्या मापाला रोज नावं ठेवते. सकाळी आठच्या सुमारास त्याचा फोन आला. तो म्हणाला, मौसी चक्कर येऊन पडली, तोंडातून काळं काळं निघालं, चहाच्या चोथ्यासारखं. मी घाबरून विचारलं, आता कुठे आहे. तो म्हणाला, माझ्या गाडीत, मी वाशीमच्या रस्त्याला लागलो, तुम्ही तिकडेच या. आमची वाट बघत तो बसला असता तर काय झालं असतं, हे पुढे डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं. भाजीचे क्रेट रस्त्यावर टाकून तो निघाला होता.

मी आणि नवरा मोटारसायकलवर वाशीमला पोचलो तेव्हा तिला सलाईन लागलं होतं. ओठ आणि कपाळ एकाच रंगाचे झाले होते. हिमोग्लोबिन पाचच्याही खाली होतं. हा आकडा मी दुसऱ्या बाईच्या कागदावर पाहिला असता तर घरच्यांवर ओरडले असते, इतके दिवस झोपला होता का म्हणून.

डॉक्टरांनी विचारलं, दुखण्याच्या गोळ्या खातात का. नवऱ्याने हो सांगितलं. मग त्यांनी सासूलाच वाकून विचारलं की संडासला काळं होत होतं का. तिने डोळे उघडले आणि त्या अवस्थेतही तिच्या आवाजात तो जुना तोरा आला.

"होत होतं न. पन ते लाल गोळीनं होते. आमच्या घरी आशा हाय, तिनं सांगतलं मले."

डॉक्टर माझ्याकडे वळले. किती दिवसांपासून, एवढंच त्यांनी विचारलं. पंधरा दिवस होऊन गेले होते. मला दिवस नीट माहीत होता, भांडी घासत होते तो. मी म्हणाले, चार-पाच दिवस झाले असतील. सासू माझ्याकडे पाहत होती. तिने पुन्हा डोळे मिटले. डॉक्टरांनी चार-पाच दिवस असं लिहून घेतलं.

त्या खोट्याने उपचारात काही फरक पडला नाही, हे मी नंतर स्वतःला अनेकदा समजावलं. रक्त द्यायचंच होतं, दिलं. एक बाटली नवऱ्याने दिली, एक बागवानाने. तिसरी रक्तपेढीतून आली. मग तिला अकोल्याला नेलं आणि तिथे तोंडातून दुर्बीण घातली. जठरात एक मोठी जखम होती आणि तिच्या मध्यावर काळा ठिपका. रक्त तिथून येत होतं. दुर्बिणीतूनच इंजेक्शन देऊन आणि चिमटा लावून त्यांनी ते बंद केलं. पडद्यावरचं चित्र मला दाखवलं. गुलाबी मऊ आतडं असावं तसं काहीतरी, आणि त्यात तो खड्डा. मी तिचं जेवण रोज वाढत होते आणि ते या खड्ड्यावर जाऊन पडत होतं.

अकोल्याच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून नीट समजावलं. मी आशा आहे हे त्यांना कळलं होतं. त्यांनी सांगितलं की या गोळ्या सूज उतरवतात, पण जठराला आतून जे अस्तर असतं, त्याला सांभाळणारी व्यवस्थाही बंद पाडतात. मग जठराचं आम्ल जठरालाच खायला लागतं. गोळी भरल्या पोटी घेतली म्हणून हा धोका जात नाही, कारण ती रक्तातूनही काम करते. वय साठ आणि रोजची गोळी असेल तर पोट सांभाळणारी कॅप्सूल सोबत हवीच, त्रास असो वा नसो. मी विचारलं, पण तिचं पोट कधी दुखलं नाही. ते म्हणाले, दुखणार कसं? ती रोज दुखणं मारायचीच गोळी खात होती.

हे मला सहन झालं नाही. दवाखान्याच्या जिन्यात बसून मी रडले. माणसाच्या अंगात धोक्याची एक घंटा असते आणि आम्ही ती रोज पहाटे काळ्या चहाबरोबर बंद करत होतो. त्यातूनही अंगाने दुसरी खूण पाठवली होती, काळी, चिकट, वासाची. तिच्यावर मी फिनाइल ओतलं होतं.

घरी येताना चिठ्ठीत असं लिहिलं होतं. कॅप्सूल सकाळी खायच्या आधी, दोन महिने न चुकता. पोटात जंतू सापडला म्हणून त्याच्या गोळ्या चौदा दिवस. सांध्यांसाठी एक वेगळी गोळी, आठवड्यातून एकदाच, तिचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात. आणि दुखण्याची गोळी बंद, पूर्ण बंद. रक्त भरून यायला लोह लागणार होतं. ते गोळीतून देऊ नका, सलाईनमधून द्या, अशी विनंती मी केली. डॉक्टरांनी कारण विचारलं नाही. मला वाटतं त्यांना समजलं होतं.

घरी मी सगळ्या पट्ट्या शोधल्या. गादीखाली एक, तिखटाच्या डब्यामागे एक, तिच्या बटव्यात अर्धी. सगळ्या खड्ड्यात पुरल्या. मालेगावच्या मेडिकलवाल्याला जाऊन सांगितलं. वाडीतल्या बायकांना एकेकीला गाठून सांगितलं की हिला गोळी दिली तर तुम्ही तिला विष दिलं असं मी समजेन. त्या माझ्याकडे विचित्र नजरेने पाहायच्या. त्यांच्याही बटव्यात तीच गोळी होती. मी त्यांना कॅप्सूलचं सांगितलं, काही जणींनी ऐकलं, काहींनी हो म्हणून सोडून दिलं.

आणि मग थंडी पडली आणि सासूचे हात बंद झाले. पहाटेचे नाही, दिवसभराचे. मनगटं सुजून तांब्याएवढी झाली. गुडघ्यांत पाणी भरलं. तिला वेणी घालता येईना, लुगड्याच्या निऱ्या धरता येईनात, भाकरीचा तुकडा मोडता येईना. मी तुकडे मोडून ताटात ठेवायची आणि ती दोन्ही मनगटांत धरून तोंडाकडे न्यायची. साधी तापाची गोळी तेवढी द्यायची परवानगी होती. त्या गोळीने तिला काही फरक पडत नव्हता. ती रडायची नाही, कण्हायची. ते कण्हणं सकाळपासून भिंतीतून यायचं आणि मी कामाला बाहेर पडले की मला सुटल्यासारखं वाटायचं. मग सुटल्यासारखं वाटलं याचाही राग यायचा.

जुड्या आता मी बांधत होते. ती ओट्यावर बसून बघायची. माझी जुडी ढिली, मुळं वरखाली. बागवान काही बोलायचा नाही, मुकाट्याने उतरवून घ्यायचा, आणि त्याचं ते न बोलणं सासूला घरबसल्या समजायचं.

एका सकाळी मी तिचे हात शेकत होते. फडकं गरम करायचं, हातावर ठेवायचं. ती अचानक म्हणाली, "एकच दे. अर्धी दे."

"नाही, आई."

"हे हात पाह्य माह्ये. हे काय हात हायेत? पोट वाचोलं तुमी माह्यं आन् हात नेले."

मी म्हटलं, त्या नव्या गोळीचा गुण येईल, थोडं थांब. ती म्हणाली, तू थांबून दाखव.  आणि इतके दिवस न सांगितलेलं त्या वेळी माझ्या तोंडातून निघून गेलं.

"आई, ते काळं लाल गोळीचं नव्हतं. रक्त होतं ते. तू डांबरावानी म्हनलं तवाच मले समजाले पाह्यजे होतं. मी तुले चुकीचं सांगतलं."

तिने फडकं मनगटाने हातावरून खाली ढकललं.

"मालूम हाय मले," ती म्हणाली. "डॉक्टरले तू चार दिस सांगतले, तवाच समजलं. तवा माह्यं ऐकलं नाही, आता तरी ऐक. एक गोळी दे."

मी दिली नाही. मी उठून आत गेले आणि चुलीपुढे बसून राहिले. तिने माझं बिंग दवाखान्यात फोडलं नव्हतं, स्वतःच्या पोराजवळही नाही, आणि त्या बदल्यात ती फक्त एक गोळी मागत होती. देता येणार नव्हती तीच गोष्ट.

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली. मला मात्र रोज एक गोष्ट विचारणं भाग होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की शौचाच्या रंगावर लक्ष ठेवा, पुन्हा काळं दिसलं तर तासभरही थांबू नका. मी तिला सांगितलं, आई, तू पाणी टाकू नको, मी येऊन बघेन. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू चारचौघांत मी तिचं लुगडं फेडलं.

"सुनेनं सासूची घान पाह्यावं," ती म्हणाली, "असे दिस आले का माह्ये?"

त्या दिवसापासून ती जास्तच पाणी टाकायला लागली. डब्याची कडी तिच्या बोटांत बसत नव्हती. दोन्ही मनगटांमध्ये डबा दाबून ती ड्रममधून पाणी काढायची, अर्धं अंगावर सांडायचं, पण टाकायची. आत पाण्याचा आवाज येत राहायचा आणि मी बाहेर उभी. बाहेर आल्यावर मी विचारायच्या आधीच ती "पिवळं" एवढं म्हणायची आणि पुढे निघून जायची. मला तेवढ्यावर विश्वास ठेवावा लागायचा.

संक्रांत झाली. त्यानंतरच्या आठवड्यात एका पहाटे मी वाफ्यातून मेथी घेऊन आले तर ती ओट्यावर जुडी बांधत बसली होती. बोटं वाकडीच होती, पण चालत होती. मला इतका आनंद झाला की मी तिच्या शेजारी बसकणच मारली. नव्या गोळीचा गुण आला, असं मी म्हणाले. ती मुळं एका रेषेत ठोकत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने आणखी जास्त जुड्या बांधल्या. बागवानाने फोन करून सांगितलं की आज मौसीच्या हातचा माल आला, गिऱ्हाईकांनीही ओळखला. मी वाडीतल्या बायकांना सांगत सुटले की बघा, आठवड्याची एकच गोळी, कशी लागू पडली, उगीच ती वाताची गोळी खाता तुम्ही. मी नवऱ्यालाही सांगितलं. एकदा तोंडावर आपटूनही माझी खोड गेली नव्हती. जे दिसलं त्याला मला माहीत असलेलं कारण लावलं आणि मोकळी झाले. दोन-तीन महिने लागतात असं डॉक्टर म्हणाले होते आणि सहाच आठवडे झाले होते, हे मी मोजलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी ती संडासातून बाहेर आली. मी अंगणात दात घासत होते. पाण्याचा आवाज आला नव्हता, हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. तिने पिवळं म्हटलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. माझ्या बाजूने ती घरात गेली आणि संडासाचं दार तिने उघडंच ठेवलं होतं.

मी आत गेले. भांड्यात काळं होतं, चकाकणारं, कडेला चिकटलेलं, आणि तोच वास. ड्रम काठोकाठ भरलेला आणि डबा शेजारी पालथा ठेवलेला. लोहाची एकही गोळी या वेळी तिला दिलेली नव्हती. दोष ढकलायला काही उरलंच नव्हतं.

मी धावत घरात आले तेव्हा तिने धुतलेलं लुगडं काढून खाटेवर ठेवलं होतं. निऱ्या तिला जमणार नव्हत्या, म्हणून ती माझी वाट बघत होती. दवाखान्याचे कागद असलेली पिशवी तिने कोपरात अडकवली होती आणि पायात चपला होत्या.

"चार दिस खाल्ल्या," ती म्हणाली. "कोनं देल्ल्या ते इचारू नको. चाल."

 मी तिच्या निऱ्या घातल्या.  नवऱ्याने गाडीसाठी बागवानाला फोन लावला आणि आम्ही आठच्या आत वाशीमला होतो. डॉक्टरांनी विचारलं, काळं केव्हापासून. आज सकाळी पहिल्यांदा, साडेसहाला, मी सांगितलं, आणि गोळ्या चार दिवस, रिकाम्या पोटी. सासू खाटेवरून ऐकत होती. या वेळी रक्त द्यावं लागलं नाही. सलाईनमधून औषध सुरू केलं आणि पाच दिवसांनी आम्ही घरी आलो.

आता त्याला वर्ष होत आलं. आठवड्याच्या गोळीचा गुण आला, पण जेवढा सांगितला होता तेवढा नाही. बोटं अर्धी उघडतात. जुड्या मीच बांधते. तिचं कण्हणं थंडीत अजून असतं आणि गोळी ती मागत नाही. माझ्यावरचा तिचा राग गेला का, हे मला माहीत नाही. अंगातलं काही ती मला आता तोंडाने सांगत नाही. डबा तिला आता एका हाताने उचलता येतो, मी पाहिलंय. तरी रोज सकाळी ती पाणी न टाकता बाहेर येते, दार उघडं ठेवते आणि माझ्याकडे न पाहता ओट्यावर जाऊन बसते. मग मी आत जाते, बघते आणि पाणी टाकते.